गोल देवळासमोरची रांग

माझ्या वडिलांनी रोम पाहिलं ते एकदाच, २००१ सालच्या मे महिन्यात, आणि त्यांना हवं असलेलं रोम त्यांच्या वाट्याला आलं जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासावरून आमच्या घरात पुढे तीन वर्षं थट्टा चालली. मग थट्टा करणारं माणूसच राहिलं नाही.

बाबा मिरजेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. नववीच्या पुस्तकात रोमवर जेवढं होतं त्याच्या दसपट ते फळ्यावर काढून दाखवायचे. कमान कशी उभी राहते, ती मधल्या दगडावाचून का कोसळते, हे त्यांनी मला जेवणाच्या ताटात भाकरीचे तुकडे रचून दाखवलेलं आहे. भाकरीची कमान काही उभी राहिली नाही, आणि आई म्हणाली, "अन्नाशी खेळू नका." पुढे मी संगणकाकडे वळले, अमेरिकेत आले, व्हर्जिनियात हर्नडनला नोकरीला लागले. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटायचं, की आपण तीस वर्षं जे शिकवलं ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते निवृत्त झाल्यावर मी आणि माझ्या नवऱ्याने दोघांना युरोपच्या सहलीला पाठवलं.

सहल पुण्याच्या एका प्रवासी कंपनीची होती. पंधरवड्यात अर्धा युरोप, रोज संध्याकाळी वरणभात, बसमध्ये अंताक्षरी. सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या, आणि पुढे छत्री उंच धरून चालणारा मॅनेजर. इटलीत शिरल्यावर बाबांनी मॅनेजरच्या हातातला माइक घेतला आणि रोमची स्थापना सांगायला सुरुवात केली. पहिल्या राजापर्यंत लोकांनी कौतुकाने ऐकलं. तिसऱ्या राजापाशी मागच्या सीटवरून कुणीतरी "सर, मधली सुट्टी झाली का?" असं विचारलं आणि बस हसली. आईसुद्धा हसली. ही गोष्ट तिनेच मला फोनवर सांगितली, म्हणून मला माहीत.

रोमसाठी एकच दिवस होता. सकाळ मोठ्या चर्चमध्ये गेली, दुपारी बाहेरून कोलोसियम झालं, आणि उन्हं उतरताना बस नदीजवळच्या एका जुन्या चर्चपाशी थांबली. त्या चर्चच्या ओसरीत भिंतीला टेकवून पुरुषभर उंचीची एक दगडी तबकडी ठेवलेली आहे. तिच्यावर दाढीवाला चेहरा कोरलेला, डोळ्यांच्या जागी भोकं आणि तोंड उघडं. खोटं बोलणाऱ्याने त्या तोंडात हात घातला तर तो चेहरा हात चावतो, अशी समजूत. जगभरचे प्रवासी तिथे रांग लावून हात घालतात आणि फोटो काढून घेतात. मॅनेजर म्हणाला, "ज्यांना हात घालायचाय त्यांनी रांगेत उभं राहा. अर्ध्या तासाने बस सुटेल, कुणासाठी थांबणार नाही."

सहलीच्या कार्यक्रमात जे लिहिलेलं नव्हतं ते रस्त्यापलीकडे होतं. तिथे झाडांखाली दोन लहान देवळं उभी आहेत, एक गोल आणि एक चौकोनी. रोममध्ये आज जे काही धड उभं आहे त्यातली ही सगळ्यात जुन्यांपैकी. कोलोसियम बांधायला घेतलं तेव्हाही ती जुनी झालेली होती. बाबांना हे पाठ होतं. बस त्या रस्त्याला वळली तेव्हाच ते खिडकीपाशी उठून उभे राहिले होते.

"अगं, ते बघ! तिथे जाऊ. ही रांग काय करायचीय?"

"मला हात घालायचाय," आई म्हणाली.

"पोरखेळ आहे तो. आणि ते झाकण आहे गटाराचं, असं म्हणतात."

"असू दे. तुमचं रोम तुम्ही बघा, मी माझा हात घालून येते."

ते गेले. कॅमेरा त्यांच्याच गळ्यात होता.

त्या अर्ध्या तासात बाबांनी काय काय पाहिलं ते मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे गेले होते असं मला कधीकधी वाटतं. गोल देवळाभोवती त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. ग्रीसहून जहाजाने आणलेला संगमरवर, त्याचे उंच खांब कडेने गोल उभे, त्यातला एक कधीच नाहीसा झालेला. खांबांवरचा मूळचा दगडी थर पडून गेलाय, म्हणून आता छप्पर थेट खांबांवर बसलंय, दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं. चौकोनी देऊळ बंदराच्या देवाचं. त्याचा दगड साधा, वरून गिलावा केलेला, आणि गिलावा गळून आतला खडबडीत दगड दिसतो. मग ते धावत नदीच्या कठड्यापाशी गेले, कारण तिथे खाली, पाण्याच्या अंगाला, शहराच्या सगळ्यात जुन्या गटाराचं तोंड आहे. ते गटार या दोन्ही देवळांहून जुनं आणि अजून वाहतं, असं ते मोठ्या आदराने सांगायचे. आई म्हणायची, "सात समुद्र ओलांडून गटार बघून आले."

देवळं का टिकली याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मजबूत होती म्हणून नाही. मजबूत पुष्कळ होतं. लोकांनी पुढे त्यांची चर्चं केली, रोज दिवा लागला, छप्पर गळलं की कुणीतरी डागडुजी केली. वापरात राहिलं ते टिकलं. बाकीच्याचा चुना झाला." जुन्या रोमचा संगमरवर भट्ट्यांमध्ये जाळून खरोखरच चुना करत, हे सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा व्हायचा.

तिकडे आई रांगेत एकटी उभी होती. बाकीच्या बायकांचे नवरे कॅमेरे सरसावून पुढे झाले, एकेकीने हात घातला, किंचाळ्या, हसणं झालं. आईचा नंबर आला तेव्हा तिच्यासमोर कुणीच नव्हतं. तिने नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, वर स्वेटर आणि पायात मी पाठवलेले पांढरे बूट घातले होते. मागे उभ्या असलेल्या कुणा परदेशी बाईला हे बघून वाईट वाटलं असावं. तिने खुणेने विचारलं, आईला उभं केलं आणि स्वतःच्या कॅमेऱ्यात तिचा फोटो काढला. मग रांग पुढे सरकली आणि बस सुटायची वेळ झाली. नाव नाही, पत्ता नाही. आईचा हात त्या तोंडात गेल्याचा जगात एकच पुरावा, आणि तो कुठल्या देशातल्या कुठल्या घरात आहे ते आम्हाला ठाऊक नाही.

आईने ही गोष्ट हसण्यावारी नेली, पण सोडली नाही. पाहुणे आले आणि युरोपचा अल्बम निघाला की गोल देवळाचे फोटो यायचे. समोरून, मागून, खालून, एका खांबाचा तर नुसता बुंधा. ती चहा देता देता म्हणायची, "खांबांचे आहेत सगळे. माणसाचा नाही." बाबा म्हणायचे, "पुढच्या वेळी काढू गं तुझा." पुढची वेळ असते, अशी तेव्हा त्यांची खात्री होती.

२००४ च्या पावसाळ्यात आई गेली. सकाळी दूध तापवायला उठली आणि ओट्यापाशीच पडली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेराव्यानंतर परत निघताना बाबा दारात उभे राहून म्हणाले, "त्या बाईने तो फोटो फेकला नसेल ना?" मला आधी कळलंच नाही ते कुठल्या बाईबद्दल बोलताहेत.

मी एकुलती एक. वर्षभर त्यांनी मिरजेत एकट्याने काढलं आणि शेजारच्या काकूंचे मला फोन यायला लागले. गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, पेन्शन आणायला गेले आणि रिक्षावाल्याला घर सांगता येईना. २००५ च्या दिवाळीनंतर मी त्यांना हर्नडनला घेऊन आले.

हर्नडन म्हणजे विमानतळाच्या रस्त्याला लागून काचेच्या ऑफिसांची ओळ, आणि त्यामागे एकसारख्या जोडघरांच्या रांगा. आमच्यासारखे पुण्याचे, नागपूरचे, हैदराबादचे लोक सकाळी गाड्यांत बसून निघून जातात आणि मागे उरतात कुणाकुणाचे आईवडील, खिडकीशी बसलेले. बाहेर चालायला जावं तर फुटपाथ मध्येच संपतो. थंडी पडल्यावर तेही बंद. मी नवऱ्याला म्हणायचे, आपण त्यांना आणलं की कोंडलं? तो म्हणायचा, "दुसरं काय करणार होतो यार?" मला त्या हिवाळ्याचा अजून राग येतो. चार वाजता अंधार पडायचा, आणि मी घरी यायचे तेव्हा बाबा दिवा न लावता बसलेले असायचे.

त्यांच्याशी बोलायचं काय, हा प्रश्नच होता. मग मी शनिवार-रविवारी त्यांना संगणकासमोर बसवायला लागले. आकाशातून जग दाखवणारा नकाशा तेव्हा नुकताच आला होता. माउस फिरवला की पृथ्वी फिरायची, जवळ गेलं की गावं, रस्ते, छपरं दिसायची. पहिल्या दिवशी मी त्यांना मिरज दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "रोम आहे का यात?"

त्या दिवसापासून आमची रोमची फेरी सुरू झाली. मी माउस धरायचे, ते वाट सांगायचे. स्टेशनाबाहेर उभा असलेला जुन्या तटबंदीचा तुकडा, तिथून खाली जुन्या बाजारपेठेचं मैदान, त्याच्या टोकाला टेकडीच्या पोटात तो खोल तुरुंग, मग डावीकडे, आता नदीकडे, हळू, पुढे गेलीस, मागे ये. ग्रंथालयातून मी जाड चित्रांची पुस्तकं आणायचे आणि छपरांशी ताडून बघायचो. त्यांची सकाळची गोळी त्यांना आठवत नव्हती, पण कुठल्या देवळाचा दगड कुठल्या खाणीतला हे ते डोळे मिटून सांगायचे. आणि दर वेळी फेरी संपायची ती नदीकाठच्या त्या दोन देवळांपाशी. वरून गोल देऊळ म्हणजे कौलांची एक चकती. तिच्याशेजारी चौकोनी देवळाची काडेपेटी, मध्ये झाडं, आणि रस्त्यापलीकडे चर्च.

मला वाटायचं ते देऊळ बघताहेत. एका रविवारी त्यांनी माझ्या हातातला माउस धरला आणि चर्चच्या ओसरीवर बोट ठेवलं. ओसरीबाहेरच्या उघड्या फरशीवर माणसांच्या सावल्यांचे बारीक ठिपके होते, एका ओळीत.

"ही रांग ना?"

"असेल."

"हा फोटो कधीचा?"

"अलीकडचा असणार बाबा. मागच्या एखाद्या वर्षीचा."

"२००१ चा नसतो का? मे महिन्यातला?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा ठिपक्यांकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मी संगणक बंद केला आणि भात टाकायला उठले.

त्या आठवड्यात मी ठरवलं, यांना एकदा तिथे न्यायचंच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि हेही सांगितलं होतं की अजून काही महिने बरे जातील, त्यानंतरचं सांगता येत नाही. म्हणजे वेळ थोडा होता. बाबांच्या व्हिसाचं जमण्यासारखं होतं. अडकले होते ती मीच. आमची ग्रीन कार्डची फाइल लागलेली, पासपोर्टवरचा व्हिसाचा जुना शिक्का संपलेला. अशात देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगीचा कागद हातात हवा, नाहीतर परतीचं दार बंद आणि सहा-सात वर्षांची वाट बघणं पाण्यात. आमच्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. कुणाचं लग्न चुकतं, कुणाच्या वडिलांचं शेवटचं दर्शन, आणि लोक फोनवर रडून झाल्यावर पुन्हा ऑफिसला जातात. मी अर्ज केला आणि वाट बघायला लागले. बाबांना सांगितलं, "कागद आला की आपण रोमला जायचं." ते लहान मुलासारखे खूश झाले. रोज सकाळी विचारायचे, "आला का गं कागद?"

कागद येईना आणि बाबांमधलं एकेक गळत चाललं. आधी नातीचं, माझ्या लेकीचं, नाव गेलं. मग जिना चढल्यावर कुठल्या खोलीत जायचं ते. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, "तुझी आई अजून आंघोळीतच आहे का?"

ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि तिथल्या तिथे दाखवायच्या. तो माझा स्वभावच आहे, म्हणून ती नोकरी मला जमली. मी म्हणाले, "बाबा, आई गेली. दोन वर्षं होत आली." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा कोसळला. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ते रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा पहिल्यांदा रडले. तिसऱ्या खेपेला नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाला, "अगं, तू त्यांना रोज सकाळी एकदा विधुर करतेयस." मी त्याच्यावर चिडले. खोटं कसं बोलू, खोटं बोलून कुणाचं भलं होतं, असं बरंच काही बोलले. पण त्यानंतर मी त्यांना उत्तर देणं टाळायला लागले. चहा घ्या, म्हणायचे.

रोमची फेरीही आखडत गेली. तटबंदी गेली, तुरुंग गेला, बाजारपेठ गेली. शेवटी ते खुर्चीत बसल्याबरोबर म्हणायचे, "रांगेपाशी ने."

एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडं फुलतात. हर्नडनहून तासाभराचा रस्ता, सगळे जातात, आम्हीही गेलो. आभाळ भरून आलेलं होतं आणि वारा गार होता. फुलं बहुतेक गळलेली, कडेला चिखलात त्यांचा गुलाबी राडा. तिथे एक मोठं तळं आहे आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक गोल, पांढरं स्मारक आहे. भोवती संगमरवरी खांब, वर घुमट. या शहरात सगळंच रोमची नक्कल करून बांधलेलं आहे. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा गाडीच्या खिडकीतून एकेक इमारत बघून नाक मुरडत होते, "कॉपी. हीपण कॉपी. नववीतली पोरं करतात तशी."

अलीकडच्या काठावर पायाने चालवायच्या होड्या भाड्याने मिळतात. माझ्या लेकीला, तेव्हा ती सहा वर्षांची होती, होडीत बसायचं होतं. नवरा तिला घेऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. मी बाबांना घेऊन पाण्याच्या कठड्यापाशी थांबले. ते पलीकडच्या स्मारकाकडे बराच वेळ बघत होते.

"छप्पर नीट बसवलंय आता," ते म्हणाले.

मी त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"खांबही पुरे केले. छान केलं." मग त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं. "गटार कुठाय?"

मला वाटलं, हरकत नाही. त्यांना रोम मिळालं असेल तर मिळू दे, कागद काही येत नाही. तेवढ्यात त्यांनी सहज मागे वळून बघितलं आणि त्यांना ती रांग दिसली.

माणूस इतक्या झटकन घाबरलेला मी पाहिलेला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. "किती वाजले? अगं, बस सुटेल! ती तिथे एकटी उभी आहे."

"बाबा, देऊळ बघा ना. अजून वेळ आहे."

"देऊळ कुठे जातंय? उभंच आहे ते. चल!"

आणि ते निघाले. गेले कित्येक आठवडे पाय ओढत चालणारा माणूस त्या चिखलातून जवळजवळ धावत गेला. मी मागे. रांगेत नवऱ्यापाशी पोचून ते थांबले, धाप टाकत, आणि त्यांनी आपल्या डाव्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडली. मागच्या माणसाला वाटलं रांग सरकली, म्हणून तो पुढे झाला. बाबांनी हात आडवा धरला आणि त्याला सांगितलं, "एक्स्क्यूज मी. माय वाइफ." तो माणूस सॉरी म्हणून मागे सरकला.

माझी लेक बघत होती. ती माझीच मुलगी. म्हणाली, "आजोबा, आजी इज डेड. अँड धिस इज वॉशिंग्टन."

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तो चेहरा, जो मी तीन सकाळी पाहिला होता, तो यायला लागला.

"नाही बाबा," मी म्हणाले. "तिला माहीत नाही. आई आहे इथेच. नंबर आलाय तुमचा."

माझ्या आयुष्यात मी इतक्या सरळ आवाजात कधी खोटं बोलले नव्हते. लेकीने तोंड उघडलं होतं, नवऱ्याने तिला उचलून कडेवर घेतलं.

तिकिटाची खिडकी आली. जाड काच, आणि तिच्या खालच्या कडेला पैसे सरकवायला अर्धगोल भोक. आत एक वयस्कर काळी बाई बसली होती. बाबा पुढे झाले. त्यांनी काचेकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, डाव्या बाजूला वळून मराठीत हळूच म्हणाले, "घाबरू नकोस, मी आधी घालतो." आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

त्या बाईने पैशासाठी हात पुढे केला होता. रिकामा हात बघून ती क्षणभर थांबली. मग तिने तो आपल्या हातात घेतला. "हाऊ मेनी, हनी?"

"टू," बाबा म्हणाले.

आम्ही चौघं होतो.

बाबांनी मान वळवली. "आता काढ फोटो. लवकर, लोक खोळंबलेत. आणि तिला नीट घे हं. मागे देऊळ नाही आलं तरी चालेल."

माझ्या पिशवीत कॅमेरा होता. मी डोळ्याला लावला आणि मला काही दिसेना, इतकं पाणी आलं. अंदाजानेच मी तो थोडा डावीकडे सरकवला, एक माणूस मावेल इतका, आणि बटण दाबलं. बाबांनी हात बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला. "चावलं नाही," ते म्हणाले आणि खळखळून हसले. त्या हिवाळ्यापासून ते असे हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

होडीत नवरा आणि लेक गेले. बाबा माझ्याशेजारी बाकावर बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपण इथे कशाला आलोय?"

कागद जूनमध्ये आला. मी त्यांना सांगितलं, "बाबा, रोमला जायचं ना?" ते म्हणाले, "कुठलं रोम?" तो कागद वापरून मी त्यांना भारतात सोडून आले, फ्रँकफर्टमार्गे, कारण ते विमान सोयीचं होतं. पुण्यात अशा आजाराच्या लोकांची काळजी घेणारी एक चांगली जागा मिळाली. तिथे ते दीड वर्ष होते. शेवटी शेवटी भिंतीपाशी उभे राहायचे, तिथल्या बायका सांगायच्या, तासन्‌तास, आणि कुणी हाताला धरून न्यायला लागलं की म्हणायचे, नंबर जाईल. २००८ च्या जानेवारीत गेले. त्या वेळीही मी वेळेत पोचले नाही.

मी रोमला अजून गेलेले नाही. नवरा म्हणतो जाऊ, आता कागदाची अडचण नाही. मला भीती वाटते. ती देवळं जागच्या जागी असतील, आणि समोर रांगही असेल.

तो फोटो मी आईबाबांच्या युरोपच्या अल्बममध्ये लावला आहे, खांबांच्या फोटोंनंतर उरलेल्या रिकाम्या पानावर. बघणारे लोक एकच विचारतात. मधोमध घ्यायचं सोडून बाबांना इतकं कडेला का घेतलं, आणि ही अर्धी जागा मोकळी का सोडली. मी म्हणते, माझा हात हलला.